नदीकाठच्या घरातली मंडळी : सेरामपूरचे बॅप्टिस्ट चर्च आणि मराठीचे छापील अक्षर

गोव्यात चर्च म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहते ती इगर्ज. पांढरीशुभ्र दर्शनी भिंत, घंटाघर, आत सोनेरी मुलाम्याची कोरीव वेदी आणि संतांच्या मूर्ती. चर्च म्हणजे वास्तू, हा अर्थ आपल्याकडे इतका रुळलेला आहे की त्याचा दुसरा अर्थ सहसा लक्षात येत नाही. महाराष्ट्रातील प्रोटेस्टंट ख्रिस्ती समाजाने मात्र या दोन अर्थांसाठी दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. जमलेल्या श्रद्धावंतांचा समुदाय तो 'मंडळी' आणि ते जेथे जमतात ते 'उपासनामंदिर'. बॅप्टिस्ट पंथाचा इतिहास समजून घ्यायचा तर हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो. या पंथात मंडळी आधी स्थापन होते. इमारत नंतर येते आणि कधीकधी येतही नाही.

पश्चिम बंगालमधील सेरामपूरची बॅप्टिस्ट मंडळी हे याचे उत्तम उदाहरण. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर ते हे नव्हे. कोलकात्याच्या उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरवर, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर हे गाव वसले आहे. २४ एप्रिल १८०० रोजी तेथे मंडळीची रीतसर स्थापना झाली, तेव्हा तिच्याजवळ वेदी नव्हती, मनोरा नव्हता, घंटाही नव्हती. होते ते नदीकाठचे एक घर आणि त्यातील मधले दालन. पुढे पाचच वर्षांनी याच मंडळीच्या छापखान्यातून नागरी अक्षरांतील मराठी व्याकरण बाहेर पडले. त्यामुळे या चर्चचा आणि त्याच्या इमारतींचा इतिहास मराठी वाचकाला परका नाही.

बॅप्टिस्ट म्हणजे कोण?

सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या राजमान्य चर्चशी न पटल्याने काही इंग्रज हॉलंडमध्ये आश्रयाला गेले. त्यांच्यापैकी जॉन स्मिथ व टॉमस हेल्विस यांच्या अनुयायांनी १६०९ च्या सुमारास अॅमस्टरडॅम येथे पहिली बॅप्टिस्ट मंडळी स्थापन केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : बाप्तिस्मा हा समजून-उमजून दिलेल्या कबुलीचा संस्कार आहे, म्हणून तो तान्ह्या मुलाला देता येत नाही. ज्याला श्रद्धेची जाणीव झाली त्यानेच तो घ्यावा. पुढे या पंथात बाप्तिस्म्याची रीतही ठरली : कपाळावर पाणी शिंपडणे नाही, तर संपूर्ण शरीर पाण्यात बुडवून वर काढणे.

या मताचे दोन परिणाम झाले. पहिला परिणाम कारभारावर. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त ठरली. तिच्यावर बिशप नाही आणि राजाचा अधिकारही नाही. पाळक कोण असावा, नव्या सदस्याला घ्यावे की नाही, पैसा कोठे खर्चावा, हे सदस्यांनी मिळून ठरवायचे. दुसरा परिणाम वास्तूवर. मध्यवर्ती स्थान वेदीचे न राहता उपदेशाच्या व्यासपीठाचे झाले, कारण उपासनेचा गाभा वाचन आणि प्रवचन हा होता. मूर्ती नाहीत, धूप नाही. माणसे बसू शकतील अशी उजेडाची खोली आणि जवळ पुरेसे पाणी, एवढ्यावर बॅप्टिस्ट मंडळीचे काम भागे. सेरामपूरला खोली घरात मिळाली आणि पाणी हुगळीचे.

डॅनिश ध्वजाचा आसरा

विल्यम कॅरी हा इंग्लंडच्या नॉर्थहॅम्प्टनशर परगण्यातला जोडे शिवणारा कारागीर. त्याने स्वतःच्या बळावर लॅटिन, ग्रीक, हिब्रू अशा भाषा आत्मसात केल्या आणि तो लेस्टर येथील बॅप्टिस्ट मंडळीचा पाळक झाला. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या वतीने कॅरी नोव्हेंबर १७९३ मध्ये कलकत्त्यास उतरला. मात्र ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्मप्रचारामुळे प्रजा बिथरेल आणि व्यापाराला धक्का बसेल ही भीती. कॅरीने पहिली काही वर्षे उत्तर बंगालात मदनाबाटी येथे नीळ कारखान्याचा व्यवस्थापक म्हणून काढली.

ऑक्टोबर १७९९ मध्ये जोशुआ मार्शमन हा शिक्षक आणि विल्यम वॉर्ड हा मुद्रक यांच्यासह नवी तुकडी अमेरिकी जहाजाने आली. कंपनीच्या अधिकाऱ्यांना टाळून ती थेट सेरामपूरला उतरली. हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. १७५५ साली नवाबाकडून मिळालेल्या या जागेला डेनांनी आपल्या राजाच्या नावावरून फ्रेडरिक्सनगर असे नाव दिले होते. गव्हर्नर ओले बी यांनी पाहुण्यांना कंपनीच्या हवाली करण्यास नकार दिला. अखेर कॅरीनेच उत्तर बंगाल सोडला आणि १० जानेवारी १८०० रोजी तो सेरामपूरला आला. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड हे 'सेरामपूरचे त्रिकूट' म्हणून ओळखले जातात, त्याची सुरुवात ही.

सहा हजारांचे घर

आल्याबरोबर प्रश्न उभा राहिला तो जागेचा. भाडी भरमसाट होती. त्यांनी नदीकाठचे एक मोठे घर भोवतालच्या मोकळ्या जमिनीसह विकत घेतले. किंमत सहा हजार रुपये. दूरदेशातल्या वर्गणीवर जगणाऱ्या चार-सहा कुटुंबांना ही रक्कम धडकी भरवणारी होती. घराच्या मधोमध प्रशस्त दालन होते. तेच चॅपेल झाले. दोन्ही बाजूंच्या खोल्यांत बिऱ्हाडे थाटली गेली. आवारात लाकडी छापयंत्र बसले. त्याच वर्षी हॅना मार्शमन आणि तिचा पती यांनी निवासी शाळा उघडली. जेवण एका पंक्तीला, पैसा एका पेटीत आणि आळीपाळीने घरकारभार असा नियम ठरला. वैयक्तिक व्यापार कोणी करायचा नाही, मिळकत सगळ्यांची.

पुढे कॅरीला फोर्ट विल्यम कॉलेजात दरमहा पाचशे आणि १८०७ पासून हजार रुपये वेतन मिळू लागले. त्यातला फार थोडा भाग घरखर्चापुरता ठेवून बाकी सारे या सामाईक पेटीत जात असे. शाळेची फी आणि छापखान्याची कमाईही तेथेच. म्हणजे या चर्चच्या इमारती पुढे वाढल्या त्या मुख्यतः शिकवून आणि छापून मिळवलेल्या पैशावर. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढचे मोठे भांडण नेमके याच मुद्द्यावरून पेटले.

सुताराचे प्रार्थनाघर

पहिला स्थानिक सदस्य मिळायला वर्ष जावे लागले. कृष्ण पाल हा सेरामपूरचा सुतार. खांदा निखळल्याने तो मिशनच्या डॉक्टरकडे आला आणि त्यातून ओळख वाढली. डिसेंबर १८०० मध्ये त्याने मिशनऱ्यांच्या पंक्तीला बसून अन्न घेतले. त्या काळी हा जात सोडण्याचाच प्रकार. गावात गदारोळ उडाला, जमाव जमला आणि त्याला धरून अधिकाऱ्यांपुढे उभे केले. गव्हर्नरांनी त्याला संरक्षण दिले. २८ डिसेंबरला, रविवारी, घरासमोरच्या घाटावर हुगळीच्या पाण्यात कॅरीने आपला मुलगा फेलिक्स आणि कृष्ण पाल या दोघांना बाप्तिस्मा दिला. काठावर गव्हर्नर बी स्वतः हजर होते.

कृष्ण पालने पुढे जे केले ते इमारतींच्या इतिहासात फारसे सांगितले जात नाही. त्याने आपल्या घरासमोर स्वखर्चाने लहानसे प्रार्थनाघर बांधले. बंगाली प्रोटेस्टंट ख्रिस्ती माणसाने स्वतः उभारलेले पहिले प्रार्थनास्थळ म्हणून त्याचा उल्लेख होतो. मिशनच्या घरातले दालन आणि सुताराचे हे प्रार्थनाघर, अशा दोन वास्तूंत ही मंडळी जमू लागली.

जातीचा प्रश्न मात्र दाराबाहेर ठेवता येणार नव्हता. १८०३ साली ब्राह्मण कुळातून आलेल्या कृष्णप्रसादाचा विवाह कृष्ण पालच्या मुलीशी लागला. त्याच वर्षी गोकुळ नावाचा सदस्य वारला. प्रेताला खांदा कोणी द्यायचा, हा प्रश्न तेव्हाच्या बंगालात साधा नव्हता. जातीबाहेरच्या माणसाच्या शवाला कोणी शिवत नसे. गोकुळची शवपेटी कृष्ण पालने बनवली आणि ती खांद्यावर घेणाऱ्यांत मार्शमन व फेलिक्स कॅरी यांच्याबरोबर एक मूळचा ब्राह्मण व एक मूळचा मुसलमान सदस्य होता. मिशनने त्यासाठी विकत घेतलेल्या दफनभूमीत त्याला मूठमाती दिली गेली. याच भूमीत पुढे त्रिकूटही विसावले.

मराठी अक्षरांची ओतशाळा

आता या घराच्या आवारातील छापखान्याकडे वळू. गोव्याच्या वाचकाला येथे एक पूर्वपीठिका आठवेल. भारतात छापयंत्र प्रथम आले ते १५५६ साली, जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात. फादर टॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले. पण रोमन लिपीत. स्थानिक लिपीत छापण्याची स्टीफन्स यांची इच्छा होती. १६०८ साली आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी अडचण सांगितली होती : या लिपीत अक्षरे आणि जोडाक्षरे मिळून सहाशेच्या घरात साचे लागतील. ते साचे गोव्यात कधी झाले नाहीत. रोममध्ये १७७८ साली मराठीचे एक पोर्तुगीज व्याकरण छापले गेले, तेही रोमन लिपीतच. गोव्याच्या प्रियोळ गावचे संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी १९५८ साली भारतीय मुद्रणाच्या इतिहासावर इंग्रजीत जो ग्रंथ लिहिला, त्यात गोवा आणि सेरामपूर यांमधला हा दुवा अभ्यासकांसमोर नीट मांडला गेला.

स्टीफन्स यांना अडलेले काम सेरामपूरला पंचानन कर्मकार या कारागिराने हाती घेतले. पंचानन हा लोहारकामात पिढीजात तयार झालेला माणूस. चार्ल्स विल्किन्स याच्या हाताखाली त्याने १७७८ च्या सुमारास बंगाली अक्षरांचे खिळे घडवले होते. नागरीच्या संचासाठी सुमारे सातशे वेगवेगळे ठसे लागणार होते. काम असे चाले : पोलादी पट्टीच्या टोकावर उलटे अक्षर कोरायचे, तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकून साचा करायचा, साच्यात शिशाचा मिश्रधातू ओतून खिळे पाडायचे. एक अक्षर फसले की पुन्हा पहिल्यापासून. संच अर्धा झाला असताना पंचानन वारला आणि त्याचा जावई मनोहर याने तो पुरा केला. मनोहरने पुढे अनेक दशके या ओतशाळेत काम केले. तो शेवटपर्यंत हिंदूच राहिला. आपल्या इष्टदेवतेची मूर्ती समोर ठेवून तो बायबलसाठी अक्षरे घडवत बसलेला असे, हे तेथे आलेल्या पाहुण्यांनी पाहून लिहून ठेवले आहे.

मराठीची निकड निर्माण झाली ती राजकारणामुळे. १८०० साली लॉर्ड वेलस्लीने कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांसाठी कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढले. कॅरी तेथे बंगालीचा शिक्षक म्हणून लागला आणि पुढे संस्कृत व मराठीही शिकवू लागला. १८०३ पासून इंग्रजांचे मराठ्यांशी दुसरे युद्ध सुरू होते. मराठी मुलखाशी कारभार करायचा तर भाषा येणे भागच होते. कॉलेजातले मुख्य मराठी पंडित वैजनाथशास्त्री हे नागपूरकडचे. त्यांच्या साहाय्याने कॅरीने तयार केलेले मराठी भाषेचे इंग्रजी व्याकरण १८०५ साली सेरामपूरला छापले गेले. त्याला रोजच्या व्यवहारातील विषयांवरचे संवाद जोडले होते. मराठी उदाहरणे नागरी खिळ्यांत होती. त्याच साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला, त्यातले मराठी शब्द मोडी खिळ्यांत. १८११ साली संपूर्ण नवा करार छापून झाला. नंतर वैजनाथशास्त्र्यांनी केलेली 'सिंहासन बत्तिशी' (१८१४) आणि 'हितोपदेश' (१८१५) ही मराठी भाषांतरेही येथूनच बाहेर पडली. याच छापखान्याने १८१८ च्या सुमारास कोकणी भाषेतला नवा करारही नागरीत छापला. म्हणजे गोव्यात जे झाले नाही ते कोकणीच्या वाट्याला दूर बंगालात आले.

या पुस्तकांची मराठी सर्वांना रुचली असे नाही. नागपूरकडच्या वळणाची आणि संस्कृत पंडिताच्या हाताखालून गेलेली ही भाषा मुंबई-पुण्याच्या वाचकाला अवघड वाटे. पुढच्या मिशनऱ्यांनी बायबलचे मराठी भाषांतर नव्याने केले. तरीही कॅरीच्या व्याकरणाचे आणि कोशाचे महत्त्व उणावत नाही. मराठी नागरी आणि मोडी अक्षरे सुट्या खिळ्यांनी जुळवून पुस्तक करता येते, हे या कामाने दाखवून दिले.

आग आणि राख

छापखान्यावर संकटे दोन बाजूंनी आली. १८०७ मध्ये पैगंबरांवर टीका करणारी एक फारसी पुस्तिका येथून निघाली. गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो यांनी संतापून छापखाना कलकत्त्यास हलवण्याचा हुकूम काढला. डॅनिश अधिकाऱ्यांनी आपल्या हद्दीतला छापखाना हलवू देण्यास हरकत घेतली. मिशनऱ्यांनी दिलगिरी व्यक्त करून यापुढे काळजी घेण्याचे कबूल केले, तेव्हा हुकूम मागे घेतला गेला. परधर्मावरची कडवट टीका आणि भाषांची मनापासून सेवा या दोन्ही गोष्टी याच आवारात एकत्र नांदत होत्या, हे इतिहासकाराला विसरता येत नाही.

दुसरे संकट ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळचे. छापखान्याच्या लांबलचक इमारतीत आग लागली. कागदांचे गठ्ठे, चौदा भाषांतले खिळे, कोशांची आणि भाषांतरांची हस्तलिखिते जळाली. छप्पर कोसळले. नुकसान सुमारे सत्तर हजार रुपयांचे. कॅरी त्या दिवशी कलकत्त्यात होता. दुसऱ्या दिवशी राख उपसताना पोलादी ठसे आणि साचे बव्हंशी शाबूत सापडले. बाजूच्या खोलीतली छापयंत्रेही वाचली होती. वितळून गोळा झालेल्या शिशाचे पुन्हा खिळे ओतले गेले. आवाराजवळचे एक गोदाम नुकतेच रिकामे झाले होते, तेथे काही आठवड्यांतच काम सुरू झाले. बातमी इंग्लंडला पोचल्यावर सुमारे पन्नास दिवसांत भरपाईची रक्कम जमा झाली.

लाल बाजारचे चॅपेल

सेरामपूरच्या मंडळीची शाखा कलकत्त्यात वाढली, तेव्हा तिला खरोखरीची इमारत लागली. लाल बाजार भागात, खलाशी आणि दारूच्या गुत्त्यांच्या वस्तीत, १ जानेवारी १८०९ रोजी नवे चॅपेल उघडले. कॅरी तिचा पाळक. आज ते कॅरी बॅप्टिस्ट चर्च या नावाने ओळखले जाते.

या वास्तूत घडलेल्या एका प्रसंगाचा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. १८१२ साली अमेरिकेतील काँग्रिगेशनल पंथाने आपले पहिले मिशनरी भारतात पाठवले. त्यांपैकी अॅडोनायरम जडसन याने प्रवासात बाप्तिस्म्याचा प्रश्न नव्याने तपासला. सेरामपूरच्या बॅप्टिस्टांशी वाद घालायची तयारी म्हणून हा अभ्यास सुरू झाला होता. तो संपला तेव्हा त्याचे मत पालटले होते. सप्टेंबर १८१२ मध्ये जडसन दांपत्याने लाल बाजारच्या चॅपेलमध्ये वॉर्डच्या हातून बाप्तिस्मा घेतला. जडसन ब्रह्मदेशात गेला. त्याचे सहकारी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र आपल्या मूळ मतावर राहिले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तो. या मिशनने १८१७ साली मुंबईत मराठी छपाई सुरू केली आणि 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली त्याच परंपरेतून निघाले. मुंबईतल्या मिशनच्या ओतशाळेत तयार झालेल्या माणसांपैकी जावजी दादाजी यांनी पुढे 'निर्णयसागर' छापखाना काढला.

घर कोणाचे?

इमारती वाढल्या. १८१८ साली सेरामपूर कॉलेज स्थापन झाले आणि नदीसमोर उंच स्तंभांची भव्य वास्तू उभी राहिली. कागद गिरणी निघाली. तिच्यासाठी १८२० मध्ये वाफेचे इंजिन बसले. डेन्मार्कच्या राजाने १८२७ साली कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली.

आणि नेमक्या याच काळात प्रश्न आला : हे सारे कोणाचे? सोसायटीचे पहिले चिटणीस अँड्र्यू फुलर १८१५ साली वारले. त्यांच्यामागून आलेल्या लंडनकरांना सेरामपूरची मालमत्ता सोसायटीच्या थेट हुकमतीखाली हवी होती. त्रिकुटाचे म्हणणे : ही जागा धर्मकार्यासाठीच आहे, आमच्या मुलाबाळांचा तिच्यावर हक्क नाही, पण ती आम्ही आमच्या कमाईतून उभी केली, तेव्हा विश्वस्त म्हणून तिचा कारभार आम्हीच पाहू. बंगालात आलेल्या तरुण मिशनऱ्यांनाही वडीलधाऱ्यांचा वरचष्मा जाचू लागला. कॅरीचा पुतण्या युस्टेस त्यांच्यातच होता. ते कलकत्त्यास वेगळे झाले. त्यांनी १८१८ च्या सुमारास स्वतःचा छापखाना आणि सर्क्युलर रोडवर वेगळे चॅपेल उभारले. वाद दहा वर्षे चिघळला आणि १८२७ मध्ये सेरामपूर व लंडन यांनी रीतसर फारकत घेतली.

तत्त्वाच्या दृष्टीने पाहिले तर हा वाद बॅप्टिस्ट विचाराच्या मुळाशीच जातो. मंडळी स्वायत्त असेल, तर दूरच्या समितीने तिच्या घरावर हुकूम चालवावा कसा? पण ज्यांनी तिला पाठवले आणि अडीअडचणीत वर्गणी काढून दिली, त्यांना काहीच विचारायचे नाही हे तरी कसे? आणि या दोन्ही पक्षांनी कृष्ण पालसारख्या स्थानिक सदस्यांचे मत मालमत्तेच्या प्रश्नात धरले नाही, हेही नोंदवायला हवे. कोमुनिदादीची जमीन, देवस्थानची मालमत्ता, संस्थेची इमारत यांवरून होणारे वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातले काहीच अनोळखी वाटणार नाही.

निसर्गानेही या वादाला आपली जोड दिली. १८२३ च्या पुरात हुगळीने काठ खाल्ला आणि कॅरीला आपले राहते घर सोडावे लागले. १८३० पासून कलकत्त्याच्या सावकारी पेढ्या एकामागून एक बुडाल्या आणि मिशनच्या ठेवीही त्यांच्याबरोबर गेल्या. मात्र कामात खंड पडला नाही. डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा बंगालीत भाषांतरासाठी कॅरीकडे आला, तो रविवारी. त्या दिवशी त्याने उपदेशाचे काम दुसऱ्यावर सोपवले आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरे केले. एक दिवस उशीर म्हणजे आणखी काही स्त्रिया चितेवर, हे तो जाणून होता. व्यासपीठ सोडून केलेले ते काम त्याच्या मंडळीने उपासनेपेक्षा कमी मानले नाही.

९ जून १८३४ रोजी कॅरी वारला. वॉर्ड १८२३ मध्येच गेला होता. मार्शमन डिसेंबर १८३७ मध्ये गेला आणि त्याच महिन्यात सेरामपूर व लंडन यांचा समेट झाला. १८४५ साली डेन्मार्कने तरंगमबाडीसह सेरामपूर साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकले. मिशनच्या जुन्या आवाराच्या काही भागावर पुढे ताग गिरणी आली.

आज काय उरले

सेरामपूरच्या नदीकाठावर आज सर्वांत आधी नजरेत भरते ते सेंट ओलाव्ह चर्च. १८०६ साली पूर्ण झालेले, मनोऱ्याचे हे चर्च डॅनिश वसाहतीचे, लुथरन पंथाचे. तेथे धर्मगुरू नसताना बॅप्टिस्ट मिशनरी उपासना चालवत. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या पुढाकाराने त्याची दुरुस्ती झाली आणि २०१६ साली त्याला युनेस्कोचा वारसा जतन पुरस्कार मिळाला. बॅप्टिस्टांच्या वाट्याचा वारसा त्यामानाने साधा आहे : मिशनचे चॅपेल, दफनभूमीतल्या समाध्या आणि कॉलेजची स्तंभांची इमारत. कॉलेजच्या सनदेतून पुढे आलेली सेरामपूर सिनेट आजही भारतभरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयांना पदव्या देते. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी तिच्याशीच संलग्न आहे.

वसाहत विकली गेली, घराचा काठ नदीने नेला, छापखाना जळाला आणि पुढे बंदही झाला. आगीत जे टिकले ते पंचानन आणि मनोहर यांनी कोरलेले ठसे, आणि मालकीच्या वादात जे कोणाच्याच नावावर चढले नाही ते त्या ठशांतून उमटलेले अक्षर. सहा हजार रुपयांच्या त्या घरात जमलेल्या मंडळीने मराठीला आणि कोकणीला दिलेली ही ठेव. सेरामपूरच्या चर्चच्या इमारतींची मोजदाद करताना ती ओतशाळाही त्यांत धरायला हवी.